खैरनारांचं बोट

कुणाच्याही घरी गेलो की माझं बोट आपोआप फ्रिजवर जातं. टीव्हीच्या मागे जातं. हात पुरला तर पंख्याच्या पात्यावरही जातं. यजमानीणबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतात, तेव्हा मी ते बोट उजेडाकडे धरून निरखत उभा असतो. बायको घाईघाईने सांगते, "मनावर घेऊ नका हो, कारखान्यातली सवय आहे यांची." इंदिरानगरच्या एका घरात आम्हाला त्यानंतर पुन्हा बोलावणं आलेलं नाही. लोक चांगले होते. चिवडाही चांगला होता.

ही खोड माझी नव्हे. ती मला खैरनारांकडून लागली.

खैरनार आमच्या कांदा पावडरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. नाशिकहून सिन्नरकडे जाताना लागतो तो कारखाना. कांदा कापायचा, वाळवायचा, दळायचा आणि पावडर पिशव्यांत भरायची, एवढंच काम. मी तिथला प्रॉडक्शनचा साहेब. साहेब म्हणजे काय, तर संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहायची. कांद्याचा वास अंगातून जायला रविवार लागतो, आणि सोमवारी पुन्हा कामावर जायचं असतं.

खैरनार मूळचे सटाण्याकडचे. तरुणपणी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटदाराच्या हाताखाली कोळशाच्या पट्ट्यांवर काम केलेलं. भुकटीशी ओळख तिथली. उंच, काटकुळे, आणि बूड म्हणून टेकायचं नाही. वीस वर्षं मी त्यांना ओळखतो, पण ते बसलेले कसे दिसतात हे मला नीटसं सांगता येणार नाही. चहा चालता चालता प्यायचे. खुर्ची पुढे केली तर तिच्यावर चढून वरचा अँगल बघायचे. एखादी पाइप दिसली की तिच्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावायचे, आणि पुढे जायचे. आमच्याशी मराठीत बोलायचे, पण 'आहे' म्हणायच्या जागी 'शे' यायचंच, आणि चिडले की सगळाच कारभार अहिराणीत.

त्यांची माझी पहिली गाठ मोटरसायकलवरून पडली. नवी होती. कारखान्याच्या मागे भिंतीलगत छान सावली, मोकळी जागा, आणि तिच्याभोवती पांढरा पट्टा मारलेला. मला वाटलं, पट्टा पार्किंगसाठीच मारलाय. संध्याकाळी बघतो तर दोन्ही चाकांतली हवा गुल. शेजारी खैरनार उभे, हातात व्हॉल्वची टोपणं.

"ही तुमची शे का सायेब?"

"हो! कुणी केलं हे?"

"मी." टोपणं माझ्या हातावर ठेवली. "वर बघा."

वर भिंतीत पत्र्याची एक चौकोनी झडप होती. दळताना उडणारी पावडर ओढून घेणारं मोठं यंत्र आत होतं, डस्ट कलेक्टर. त्याच्या पोटाचा तो भाग.

"हा पत्रा मुद्दाम कच्चा ठेवेल शे. आत कधी भडका झाला, तर सगळा जोर हा पत्रा फाडून हिकडनं बाहेर जायला पाहिजे. नाही तर तो भिंती फोडीन, माणसं फोडीन. म्हणून ही जागा मोकळी. हिथं गाडी नाही, माणूस नाही, कुत्रंबी नाही."

"कांद्याच्या पावडरीचा भडका?" मी हसलो. "अहो, भाजीत घालतो आपण ती."

"घाला ना. भाजीत घाला."

"आणि आजवर किती वेळा फाटलाय हा पत्रा?"

"एकदाबी नाही."

"मग?"

"मग काय? तसाच राहू द्या." आणि ते निघाले. मी ती मोटरसायकल ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत नेली. दीड किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर त्यांना गाठलं. ताटलीत पावडरीचा ढीग केला आणि पेटलेली काडी त्यात खुपसली. काडी विझली. "बघा! कशाला घाबरवता लोकांना?" कँटीन हसलं. खैरनार चहा घेऊन फेऱ्या मारत होते. जाता जाता म्हणाले, "निजेल शे ती. उठेल तव्हा काडी लावा."

निजेल म्हणजे निजलेली. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि चुकीच्या ठिकाणी बाहेर आलं. दिवाळीच्या आधी मनमाडला सासुरवाडीला गेलो होतो. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना ठाऊक. म्हटलं, यांना दाखवूया काहीतरी. सासूबाईंनी लाडवांसाठी बेसन काढलेलं होतं. मी गॅस पेटवला, चाळणीत बेसन घेतलं, वरून हलवलं आणि म्हणालो, "बाबा, आता बघा हं."

बाबांनी बघितलं. ओट्यावर भप्पकन एक पिवळा गोळा उठला आणि गेला. तो जाताना माझी अर्धी मिशी आणि एक भुवई घेऊन गेला. सासूबाईंचा पडदाही. सासऱ्यांनी उठून गॅस बंद केला. मग म्हणाले, "हे शिकायला पगार देतात तुम्हाला?"

सोमवारी उरलेली मिशीही काढून कामावर गेलो. खैरनारांनी मला एकदा नीट बघितलं. हसले नाहीत. एवढंच विचारलं, "खिडकी उघडी व्हती का?"

"होती."

"दार?"

"तेही."

"म्हणून मिशीवर भागलं. कोंडलेलं असतं ना सायेब, तर घर गेलं असतं." मग जरा थांबून, "लाडू झाले का मग?"

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो, पण मठ्ठ शिष्य. त्यांचे शब्द मला पाठ झाले. अर्थिंगच्या तारेला ते 'शेपूट' म्हणत. पावडर पाइपातून वाहताना घासते, घासली की वीज साठते आणि ठिणगी पडते. म्हणून प्रत्येक पिंपाला, प्रत्येक गोणीच्या चौकटीला जमिनीत गेलेली एक तार चिमट्याने लावायची. "शेपूट लावली का?" हा त्यांचा नमस्कार होता. बायकोशी फोनवर बोलतानाही त्यांच्या तोंडून एकदा गेला म्हणतात.

आणि ते बोट. दळण्याच्या शेडमध्ये वर लोखंडी गर्डर होते. त्यांवर पावडरीचा बारीक थर बसायचा. तो व्हॅक्यूमने ओढून काढायचा, झटकायचा नाही, वाऱ्याने उडवायचा तर नाहीच, हा खैरनारांचा कायदा. रोज सकाळी शिडी घेऊन वर चढायचे आणि गर्डरवर बोटाने नाव लिहायचे. ज्याच्या पाळीत धूळ साठली त्याचं नाव. नाव वाचता आलं तर तो माणूस त्याच दिवशी वर चढून साफ करणार. वाचता आलं नाही तर सुटला. शेडमधल्या प्रत्येकाचं नाव कधी ना कधी वर लागलेलं होतं. माझं सगळ्यात जास्त वेळा. एकदा माझ्या वाढदिवसाला पाइपांवरून आडवं चालत, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

मी चिडून म्हणालो, "खैरनार, वडील गेले हो माझे. त्यांना कशाला ओढता?"

"जागा उरेल व्हती सायेब. तेवढी धूळ शे."

असा माणूस. आणि आता त्या दसऱ्याचं सांगायला हवं. इतका वेळ मी मिशीचं, मोटरसायकलचं सांगत बसलो ते तिथं पोचायला नको म्हणूनच, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी शेठच्या आई येणार होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. कारखान्याची पहिली चक्की त्यांच्या यजमानांनी घातली होती आणि त्यांचं येणं म्हणजे आमच्यासाठी मोठी गोष्ट. शेड चकचकीत हवी होती. व्हॅक्यूमने दोन दिवस लागले असते, आणि मी ते दोन दिवस तोरणांच्या आणि पेढ्यांच्या वाटाघाटीत घालवले होते. खैरनार सकाळीच झेंडू आणायला सायखेड्याच्या बाजूला गेले होते, ओळखीच्या मळ्यातून.

मी कॉम्प्रेसरची नळी दोन कामगारांच्या हातात दिली आणि म्हणालो, "वरनं हवा मारा. सगळं खाली येऊ द्या, खालून झाडून घेऊ."

त्यातला एक, वाघ, म्हणाला, "सायेब, खैरनारबाबा नाय म्हणत्यात हवेला."

"अरे, आज यंत्रं बंद आहेत सगळी. यंत्र बंद तर ठिणगी कुठून येणार? आजच्याइतका सुरक्षित दिवस वर्षात नाही."

इतकं शहाणपण मी आयुष्यात एकदम कधी दाखवलेलं नाही. पूजेच्या दिवशी यंत्रं बंद असतात हे बरोबर. पण पूजेला दिवा लागतो, हे चाळीस वर्षं नाशिकमध्ये काढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

साडेनऊला गुरुजींनी दळणयंत्रापुढे पाट मांडला आणि समई लावली. पाच वाती. उदबत्त्या. मोठ्या बाई खुर्चीवर, शेठ शेजारी, चाळीसएक माणसं गोळा झालेली, आणि वरच्या टोकाला नळी अजून सुसाट चालू. शेड उन्हात कशी सोनेरी दिसत होती! गेटकडून येणाऱ्या तिरिपेत पावडर तरंगत होती. मी मोबाइल काढून फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे.

तेवढ्यात खैरनार दारात आले. पाठीवर ओल्या गोणपाटात बांधलेला झेंडू. वर बघितलं, तिरिपेकडे बघितलं, समईकडे बघितलं.

जन्मात सावकाश न चाललेला तो माणूस तेव्हा सावकाश चालत आला. देवळात प्रदक्षिणा घालावी तसा. हळू आवाजात म्हणाला, "कोनी पळू नका. कोनी बटनाला हात लावू नका. वाघ, हवा बंद. हळू. खाली उतरू नको." आणि समईपाशी येऊन पाठीवरचं ओलं गोणपाट, झेंडूसकट, पेटत्या वातींवर ठेवलं. चर्रर्र आवाज झाला. मग एकेक उदबत्ती चिमटीत धरून विझवली. बोटांनी.

 विझल्या वातींचा वास, आणि पाटावर चुरगळलेली फुलं.

"सगळे भाईर चला," खैरनार म्हणाले. "चालत."

बाहेर अंगणात मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "दसऱ्याचा दिवा," एवढंच त्या म्हणाल्या. शेठ लालेलाल झाले. "खैरनार, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? देवाच्या दिव्यावर गोणपाट?"

"धूळ उडेल व्हती शेठ."

"साफसफाई चाललीय, धूळ उडणारच! झाडलं की धूळ उडत नाही का तुमच्या घरी?"

खैरनारांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, पाइपवर टकटक करून कान लावतात तेवढा वेळ. मग नजर काढून घेतली. वाघ माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात फोडायचा नारळ होता. 'हवा मी मारायला सांगितली' एवढेच शब्द होते. दिवाळीला माझं प्रमोशन ठरलेलं होतं. मी नारळाची शेंडी नीट करत राहिलो.

"उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले. खैरनार "बरं" म्हणाले, पांढऱ्या पट्ट्याला वळसा घालून सायकल स्टँडकडे गेले आणि घरी गेले.

पुढचे अकरा दिवस मी झोपलो असेन तर उभ्यानेच. कारखान्यात सगळं नेहमीसारखं चालू होतं, आणि मला काहीच नेहमीसारखं ऐकू येत नव्हतं. बेअरिंग घासतंय का? पिंपाला शेपूट लावलीय का? पिशवी भरणारी बाई म्हणायची, "सायेब, चौथ्यांदा बघताय, बसा की जरा." बसवेना. चहा घेऊन चालायला लागलो. स्वतःशी वाद घालायचो, की तशी काही फार दाट धूळ नव्हती, शेड मोठी होती, दारं उघडी होती, काही झालं नसतं. मग मोबाइलमधला तो सोनेरी फोटो काढून बघायचो. मग वाद थांबायचा.

अकराव्या दिवशी शिडी लावून वर चढलो. गर्डरवर चांगला थर साठला होता. मी बोटाने माझं नाव लिहिलं. सहज वाचता येत होतं.

तसाच शेठच्या घरी गेलो, कॉलेज रोडला. मोठ्या बाई झोपाळ्यावर होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नळी, वाघ, फोटो. फोटो दाखवलाही. बेसनाचंही सांगितलं, कारण त्याशिवाय त्यांना कळेना की पावडर पेटते म्हणजे काय. बेसनाचं ऐकताना त्यांनी झोपाळा थांबवला.

शेठ म्हणाले, "म्हणजे काढायला तुम्हाला हवं होतं."

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मी प्रमोशनचं सांगितलं. सांगताना ते फारच लहान वाटलं.

मोठ्या बाई पुन्हा फोटो बघत होत्या. समई, त्यांची खुर्ची, आणि वर ती सोन्यासारखी धूळ. म्हणाल्या, "त्याला परत आण. आणि ह्याला काढू नकोस. ह्याला वर्षभर त्याच्या हाताखाली दे. झाडायला." मग माझ्याकडे बघून, "झाडायला नाही. ते काय असतं ते, ओढायचं."

"व्हॅक्यूम."

"हां. ते दे."

खैरनार नाशिकरोडला दोन खोल्यांत राहायचे. गेलो तर स्टुलावर उभे राहून पंखा पुसत होते. वहिनी म्हणाल्या, "अकरा दिवसात अकरा वेळा पुसला. घेऊन जा बाई यांना कुठंतरी."

मी काय बोलावं ते घोकून गेलो होतो. ते राहून गेलं. "शेठनी बोलावलंय. मी सांगितलं त्यांना. म्हणजे, हवेचं."

खैरनार पंखाच पुसत होते. "उशीर केला."

"हो. अकरा दिवस. मला माफ—"

"गर्डरचं बोलतोय मी. अकरा दिवसाचा थर शे वर. कोनी काढला का?"

"नाही."

ते स्टुलावरून उतरले आणि चपला शोधायला लागले. चपला घालता घालता मी विचारलं, कारण अकरा दिवस तेच पोटात होतं, "खैरनार, खरं सांगा. त्या दिवशी खरंच झालं असतं का काही?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "काय माहीत सायेब. कदाचित नसतं झालं."

"मग?"

"मग काय? कळलंच नाही ना. बरं झालं." आणि जिना उतरायला लागले.

पुढचं वर्ष मी व्हॅक्यूमची नळी खांद्यावर घेऊन गर्डरवर काढलं. प्रमोशन अर्थातच दुसऱ्याला गेलं. तो माणूस चांगला आहे, शेपूट वेळेवर लावतो. दसऱ्याची पूजा आता अंगणात होते, शेडच्या बाहेर, पांढऱ्या पट्ट्यापासून लांब. समई मोठ्या बाई स्वतः लावतात, आणि लावायच्या आधी खैरनारांकडे बघतात. ते मान हलवतात, मगच बाई काडी ओढतात.

गेल्या वर्षी खैरनार निवृत्त झाले. समारंभ होता म्हणून दळण बंद ठेवलं होतं. स्टेजवर खुर्ची ठेवली होती, खैरनार तिच्या मागे उभे. शाल, श्रीफळ, भाषणं. मी बोलायला उभा राहिलो आणि मिशीचा किस्सा सांगितला. सगळे हसले. सांगायचं होतं ते दुसरंच होतं. कार्यक्रम संपल्यावर मी शिडी घेतली आणि सगळ्यात वरच्या गर्डरवर चढलो. म्हटलं, सगळ्यांची नावं लिहिली या माणसाने, याचं कुणी कधी लिहिलं नाही. आज आपण लिहू. बोट टेकवलं, 'खै' काढला. काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबून काढला. गर्डर लख्ख होता.

वरच्या झरोक्यातून मागचं अंगण दिसतं. खैरनार निघाले होते, खांद्यावर शाल, एका हातात नारळ. यंत्रं बंद, अंगण रिकामं, फाटक समोर. सगळे लोक अंगणातून सरळ आडवे चालले होते. खैरनार पांढऱ्या पट्ट्याच्या कडेकडेने वळसा घालून गेले. स्कूटरपाशी पोचून त्यांनी वर बघितलं. मी झरोक्यात दिसलो असणार. त्यांनी बोट वर करून विचारलं.

मी माझं बोट झरोक्यातून बाहेर काढून दाखवलं. स्वच्छ.

त्यांनी डोळे बारीक केले. इतक्या लांबून त्यांना काय दिसणार, आणि दिसलं तरी माझ्या बोटावर कोण विश्वास ठेवणार. त्यांनी नारळ स्कूटरच्या सीटवर ठेवला, शाल त्याच्यावर टाकली, आणि पट्ट्याला पुन्हा वळसा घालत शिडीकडे परत यायला लागले.